घरच्या स्विमिंग टँकसाठी ऑटोमॅटिक क्लीनर: सक्शन, प्रेशर की रोबोट?

काठावरचा
नमस्कार मंडळी. घरी जमिनीतला टँक आहे. १० मीटर बाय ५, उथळ बाजूला १.२ मीटर, खोल बाजूला २ मीटर. आतून काचेच्या मोझॅक टाइल्स. १ हॉर्सपॉवरचा पंप, सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारा), एक स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारं भिंतीतलं तोंड) आणि तळाशी मेन ड्रेन (पंपाकडे पाणी ओढणारं तोंड). क्लोरीन, पीएच वगैरे मी स्वतः बघतो, त्यात काही अडचण नाही.

अडचण आहे ती तळाची. दांड्याला व्हॅक्यूम हेड लावून हाताने तळ काढायचा म्हणजे अख्खी सकाळ जाते आणि कंबरेचे हाल होतात ते वेगळेच. एका अंगाला मोठं झाड आहे, त्याचा बारीक पाला वर्षभर गळतो. वाऱ्याने धूळ येतेच.

आता ऑटोमॅटिक क्लीनर घ्यायचं पक्कं केलंय, पण चौकशी केली की प्रत्येक विकणारा स्वतःकडे जे आहे तेच कसं उत्तम ते सांगतो. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांचे अनुभव हवेत. आणि ते बॅटरीवाले, बिनकेबलचे रोबोट खरंच काम करतात की नुसतं खेळणं?

अनामिक_बेडूक
पहिला प्रतिसाद माझा! आमच्याकडे टँक नाही, पण सल्ला द्यायला टँक कधीपासून लागायला लागला? रोबोट घ्या. ऐकायला भारी वाटतं.

पाणबुड्या
टँक देखभालीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठला ब्रँड हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, तुमच्या टँकमध्ये पडतं काय? आणि दुसरा, उचललेला कचरा जातो कुठे? या दोन प्रश्नांतच निम्मी निवड होऊन जाते.

सक्शनवाला क्लीनर स्किमरला किंवा भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटला होजने जोडतात. त्याला स्वतःची ताकद काही नाही, तुमच्याच पंपाच्या ओढीवर तो फिरतो. कचरा आधी पंपाच्या स्ट्रेनर बास्केटमध्ये जातो आणि तिथून निसटलेला फिल्टरमध्ये. प्रेशरवाला उलटा. पंपाकडून परत येणारं पाणी जोराने त्याच्यात सोडतात, त्या झोताने तळाचा कचरा वर ओढला जातो आणि त्याच्याच डोक्यावरच्या पिशवीत साठतो. रोबोट या सगळ्यापासून वेगळा. त्याची मोटर आत, पंप आत, जाळी आत. तुमचा मुख्य पंप बंद असला तरी त्याचं काही अडत नाही.

आता तुमचा सँड फिल्टर. साधी वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण धरते. त्याहून बारीक धूळ सक्शनवाल्याने उचलली तरी वाळूतून पार होऊन रिटर्नमधून, म्हणजे गाळलेलं पाणी परत सोडणाऱ्या तोंडातून, टँकमध्येच परत येते. सकाळी तळ स्वच्छ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठूळ थर, ही तक्रार मी ऐकतो ती बहुतेक वेळा सँड फिल्टरवाल्यांकडूनच. त्यातला दोष क्लीनरचा नसतो.

तुमच्याकडे पालाही आहे आणि धूळही. त्यामुळे माझा कल बारीक जाळीच्या केबलवाल्या रोबोटकडे. पण आधी इतरांचं ऐका.

जुनाखेळाडू
पाणबुड्या, सक्शनवाल्यावर जरा अन्याय होतोय.

माझ्याकडे डायाफ्रामवाला सक्शन क्लीनर आहे. त्यात हलणारा भाग म्हणजे तो एक रबरी डायाफ्राम. वीज नाही, सर्किट नाही, अ‍ॅप नाही. टक् टक् करत तळभर फिरतो. डायाफ्राम आणि खालची चकती झिजली की बदलायची, पाच मिनिटांचं काम, पाना-स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. रोबोटचं सर्किट गेलं की तुम्ही काय करणार? सर्व्हिस सेंटरला हात जोडणार.

या प्रकाराचा इतिहासही मजेदार आहे. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शॉव्हिएर नावाच्या इंजिनियरने 'क्रीपी क्रॉली' बनवला. पाण्याची ओढ एका झडपेने सतत तोडायची-जोडायची आणि त्या हिसक्यांवर यंत्र पुढे सरकवायचं, एवढीच कल्पना. आजही बरेच सक्शन क्लीनर याच तत्त्वावर चालतात. टिकलीये म्हणजे काहीतरी दम असेल ना?

पाल्यासाठी पंपाच्या आधी होजमध्ये एक लीफ कॅनिस्टर बसवायचा. पाला तिथेच अडतो, पंपाची बास्केट तुंबत नाही.

चिकित्सक_काकू
जुनाखेळाडू, हे सगळं खरं, पण तुमचा पंप एकाच वेगाचा असणार. आम्ही व्हेरिएबल स्पीडचा, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप बसवला आणि सक्शन क्लीनर जागच्या जागी बसला.

कारण सरळ आहे. वेग निम्मा केला की पंपाला लागणारी वीज हिशेबाने एक-अष्टमांश होते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ चालवावा लागला तरी एक-चतुर्थांश विजेत काम भागतं. म्हणून तर तो पंप घ्यायचा. पण त्या मंद वेगात सक्शनवाल्याला ओढच मिळत नाही. त्याला फिरवायचा तर पंप पुन्हा जोरात पळवा, मग बचत कुठली?

आणि तो स्किमरला जोडला की तेवढा वेळ पृष्ठभागावरचा पाला ओढायला कुणी नाही. काठावरचा यांना स्किमर एकच आहे. तळ साफ होईस्तोवर वरून नवा पाला बुडून खाली बसणार.

जुनाखेळाडू
काकू, स्किमरचा मुद्दा मान्य. वेगळा व्हॅक्यूम पॉइंट असेल तर तो प्रश्न येत नाही. काठावरचा, तुमच्याकडे आहे का?

काठावरचा
नाही. स्किमर, मेन ड्रेन आणि दोन रिटर्न, एवढंच.

रेवती_उन्हाळे
मी प्रेशरवाली. आमच्याकडे मोठ्या पानांचं झाड आहे, आणि मोठ्या पानांपुढे बाकी दोघांनी हात टेकले होते. रोबोटच्या तोंडात पान आडवं अडकायचं, सक्शनवाल्याची होज तुंबायची. प्रेशरवाल्याचा घसा मोठा. पानं, काटक्या, फुलं सगळं पिशवीत. पिशवी भरली की चेन उघडायची, उलटी करायची, झालं.

तोटेही सांगते. बहुतेक चांगल्या मॉडेलना वेगळा बूस्टर पंप (दाब वाढवणारा जादा पंप) आणि भिंतीत वेगळी लाइन लागते. टँक बांधतानाच ती टाकली असेल तर सोनं, नंतर टाकायची तर काठ फोडा. बारीक धुळीत तो कच्चा, कारण साध्या पिशवीतून धूळ आरपार जाते. बारीक जाळीची पिशवी मिळते, पण ती लवकर भरते. आणि मागची ती वळवळणारी नळीची शेपटी! चढताना पाण्याबाहेर आली की काठावर बसलेल्या माणसाला सरळ फवारा. आमचं कुत्रं अजून तिला शत्रू मानतं.

अनामिक_बेडूक
कुत्र्याचं मत सर्वात निःपक्षपाती. त्याला कमिशन मिळत नाही.

काठावरचा
रेवतीताई, धन्यवाद. वेगळी लाइन नाही म्हणजे प्रेशरवाला बाद म्हणायचा?

पाणबुड्या
अगदी बाद नाही. काही मॉडेल बूस्टरशिवाय साध्या रिटर्नवर चालतात. पण त्यासाठी तो रिटर्न बराच वेळ क्लीनरला द्यावा लागतो आणि मग पाण्याचं फिरणं बिघडतं. तुमची मुख्य भानगड बारीक पाला आणि धूळ आहे. त्यासाठी एवढा उपद्व्याप करू नका.

उंटावरचा_शहाणा
सगळ्यात वरचं मॉडेल घ्या, वायफायवालं. फोनवरून रिमोटसारखा चालवता येतो. ऑफिसात बसून टँक साफ. विषय संपला.

वीजतंत्री
विषय संपला नाही. रेडिओ लहरी पाण्यात फार आत जात नाहीत, काही सेंटीमीटरांतच वायफायचा दम संपतो. केबलवाल्या रोबोटमध्ये वायफाय असतो तो काठावरच्या पॉवर सप्लायच्या डब्यात, आणि हुकूम खाली जातो केबलमधून. त्यामुळे तिथे अ‍ॅप नीट चालतं. बिनकेबलवाला एकदा बुडाला की फोनशी अबोला. वर आला की पुन्हा बोलतो. तेव्हा 'अ‍ॅप आहे' हे वाक्य दोन्हीकडे एकाच वजनाचं नाही.

आता विजेचं, कारण पाणी आणि वीज म्हटलं की घरच्यांना धडकी भरते. केबलवाल्या रोबोटला घरची वीज थेट जात नाही. तो डबा तिचं साधारण २४ ते ३० व्होल्ट डीसीत रूपांतर करतो आणि तेवढीच पाण्यात जाते. धोका असतो तो डब्याच्या अलीकडे. म्हणून डबा काठापासून निदान ३ ते ३.५ मीटर लांब, उंचावर, सावलीत. सॉकेटला ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून संवेदनशील आरसीडी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. ओल्या फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवायचा नाही. आणि रोबोट पाण्यात असताना कुणीही पोहायचं नाही, 'फक्त दोन मिनिटं' पण नाही.

खर्चाचं बोलायचं तर रोबोट साधारण १५० ते २०० वॅट घेतो. अडीच तासांच्या फेरीला अर्धा युनिट. सक्शनवाला चालवायला १ हॉर्सपॉवरचा पंप चार तास चालवा, तीन-चार युनिट गेले.

जुनाखेळाडू
थांबा थांबा. तो पंप पाणी गाळायला तसाही रोज चालतोच की! तेव्हाच माझा क्लीनर फिरतो. त्याचे युनिट क्लीनरच्या नावावर कसे मांडता?

वीजतंत्री
बरोबर आहे. एकाच वेगाचा पंप रोज तेवढा वेळ चालणारच असेल तर सक्शनवाल्याचा वेगळा खर्च जवळपास शून्य. माझा हिशेब काकूंसारख्या व्हेरिएबल स्पीडवाल्यांना लागू.

जुनाखेळाडू
याला म्हणतात चर्चा. नोंद घ्यावी, इंटरनेटवर कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं.

शेवाळे_हटाव
आयडी बघून ओळखलंच असेल मी कुठल्या युद्धात होते ते. एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. कुठलाही क्लीनर शेवाळं मारत नाही. हिरवं पाणी बघून रोबोट आणणारे लोक मी पाहिलेत. महिन्याभरात पाणी तसंच हिरवं, फक्त त्यात एक महाग यंत्र फिरतंय.

शेवाळं मारायचं क्लोरीनने आणि भिंती ब्रशने घासून. शॉक ट्रीटमेंट (एकदम जास्त क्लोरीनचा मारा) चालू असताना रोबोट बाहेर काढून ठेवायचा. जास्त क्लोरीन त्याच्या रबराला, सीलला आणि केबलच्या वेष्टनाला खातं. क्लोरीन नेहमीच्या पातळीवर, म्हणजे १ ते ३ पीपीएमच्या आसपास आलं की मग सोडायचा.

मेलेलं शेवाळं तळाशी राखाडी भुकटी होऊन बसतं. सँड फिल्टरमधून ती सरळ पार होते. त्यासाठी फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून हातानेच व्हॅक्यूम करायचं. पाणी फिल्टरला वळसा घालून बाहेर जातं, टँकची पातळी थोडी उतरते, पण घाण कायमची जाते. म्हणजे काठावरचा, तो दांडा आणि व्हॅक्यूम हेड फेकून देऊ नका!

काठावरचा
कंबरेने हा प्रतिसाद वाचला नाही असं मी धरून चालतो.

सहजच
बॅटरीवाल्याबद्दल विचारलं होतं त्यावर. माझ्याकडे आहे. टँक लहान, ६ बाय ३. तिथे मी खूश आहे. केबलचा गुंता नाही, सॉकेट शोधायला नको. उचलला, सोडला.

पण पूर्ण चार्जवर तो साधारण दीड तास चालतो आणि मग चार्जिंगला त्याहून जास्त वेळ. चार्ज संपला की बहुतेक वेळा भिंतीला टेकून थांबतो, मग दांड्याला हूक लावून वर ओढायचा. पाण्याने भरलेला असतो, वजन लागतं. खोल बाजूला मधोमध थांबला तर अर्धा तास गळ टाकून बसल्यागत हूक फिरवत बसा. बॅटरी दरवर्षी थोडी थोडी कमी टिकते हे आहेच. तुमच्या १० बाय ५ ला, त्यात भिंतीही घासायच्या तर एका चार्जमध्ये काम उरकेल असं वाटत नाही.

अनामिक_बेडूक
कुणीतरी विचारा ना, रोबोटच्या जाळीत काय काय सापडतं? धागा फार सात्त्विक चाललाय.

रेवती_उन्हाळे
माझ्या बहिणीकडे रोबोट आहे, त्याची जाळी धुताना मी शेजारी उभी होते. वरचं झाकण उघडलं, चौकोनी जाळी वर खेचली. आतल्या कापडावर तपकिरी, मऊ थर, बोट ओढलं तर बोटाची रेघ उमटेल इतका जाड. त्यात केस, सनस्क्रीनचा चिकटा, पानांचे देठ, मुलांच्या बांगडीचे मणी आणि कानातल्याची एक फिरकी. ती फिरकी घरातली कुणाचीच नव्हती! आणि हे सगळं डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून.

जाळी ओली असतानाच धुवायची. वाळली की तो थर कापडाला घट्ट धरतो, मग पाण्याचा जोर लावला तरी निघत नाही.

शेवाळे_हटाव
आमच्या स्किमरमध्ये बेडूक सापडतात. (आयडीधारकाने राग मानू नये.)

अनामिक_बेडूक
नातेवाईक असतील. जिवंत होते का?

शेवाळे_हटाव
पहिले दोन नव्हते. आता काठाला एक तरंगता उतार बांधलाय, पाण्यातून वर चढता येईल असा. बेडूक, सरडे, खारीची पिल्लं, सगळे त्यावरून बाहेर पडतात. विकत मिळतो, नाहीतर फोमच्या पट्टीला जाळी गुंडाळूनही होतो.

अनामिक_बेडूक
समस्त बेडूक समाजातर्फे आभार. आता हा धागा माझ्या निवडक दहात.

चिकित्सक_काकू
बेडकांवरून मूळ मुद्द्यावर येऊ या. काठावरचा यांनी काचेच्या मोझॅक टाइल्स लिहिल्यात. त्यावर रोबोट भिंत चढतो का? आमच्याकडे सिमेंटचा खरखरीत गिलावा आहे, तिथे सरसर चढतो.

पाणबुड्या
काकूंनी नेमकं धरलं. खरखरीत पृष्ठभागाला रबरी किंवा पीव्हीसीचे ब्रश चालतात. काचेच्या किंवा गुळगुळीत टाइल्सवर तेच ब्रश घसरतात, रोबोट अर्धी भिंत चढून परत खाली. तिथे स्पंजाचे रोलर हवेत, ते ओले झाले की टाइल्सला पकडतात. झिजतात मात्र लवकर, म्हणून बदली रोलर सहज मिळतात ना ते आधी विचारून घ्या. विनाइल लायनरवाल्यांनी (आतून प्लास्टिकचं अस्तर असेल त्यांनी) कडक ब्रश टाळावेत.

पाण्याच्या रेषेवर तेलकट काळपट पट्टा येतो, तोही रोबोटने घासावा अशी अपेक्षा असेल तर 'वॉटरलाइन' असं स्पष्ट लिहिलेलं मॉडेल बघा. नुसतं 'भिंत चढतो' म्हणजे पट्ट्यापर्यंत पोचतो असं नाही.

पायऱ्यांची अपेक्षा ठेवू नका. रुंद पायरी असेल तर घेतो, अरुंद असेल तर हाताने ब्रश मारायचा. आणि मेन ड्रेनचं झाकण तळापासून उंच उठलेलं असेल तर काही रोबोट त्यावर पोट टेकून अडकतात. तुमचं सपाट आहे का बघा.

उंटावरचा_शहाणा
मेन ड्रेनला झाकणच नसेल तर?

पाणबुड्या
तर क्लीनरचा विचार सोडा आणि आज पंप बंद करा. उघड्या ड्रेनच्या ओढीत केस, हात, अंग अडकून माणसं दगावलेली आहेत, त्यात मुलं जास्त. अमेरिकेत यावरून २००७ साली वेगळा कायदाच झाला. भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटलाही तेच. होज काढली की स्प्रिंगचं झाकण आपोआप मिटलं पाहिजे. हा भाग विनोदाचा नाही.

उंटावरचा_शहाणा
समजलं. माझं आहे झाकण, सहज विचारलं होतं.

वीजतंत्री
रोबोटची केबल हा अजून एक छळ. तो गोल गोल वळला की केबल पिळते. स्विव्हल नावाचा फिरता सांधा असलेलं मॉडेल घ्या. नसेल तर अधूनमधून केबल सरळ पसरून उन्हात ठेवा, पीळ उतरतो. पण रोबोटचं धड उन्हात ठेवायचं नाही. आणि केबल धरून रोबोट पाण्याबाहेर उचलायचा नाही. केबलने काठापर्यंत ओढा, मग हँडल धरा, पाणी गळू द्या, मग वर घ्या.

सोडतानाही पाण्यात एकदा उलटा करा. आतली हवा बुडबुडत निघून जाते. ती राहिली तर रोबोट तळाला न बसता तरंगतो आणि लोक लगेच बिघडला म्हणून परत पाठवतात.

सहजच
+१. सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर रोबोट काढल्यावर साध्या पाण्याने धुवा.

काठावरचा
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा शांतपणे वाचले. वेगळी लाइन नाही, म्हणून प्रेशर बाद. स्किमर एकच आणि सँड फिल्टर, म्हणून सक्शनही बाजूला. (जुनाखेळाडू, क्षमस्व. व्हॅक्यूम पॉइंट असता तर तुमचंच ऐकलं असतं.) केबलवाला रोबोट घेतोय: वरून उघडणारी जाळी, एक बारीक आणि एक मोठ्या छिद्रांची, स्पंजाचे रोलर, स्विव्हल, वॉटरलाइन. वायफाय नसलं तरी चालेल, टायमर पुरे. मेन ड्रेनचं झाकण पाहून आलो, सपाट आहे.

आता एकच राहिलं. केबल १५ मीटरची आणि १८ मीटरची असे दोन पर्याय आहेत. कुठली?

जुनाखेळाडू
क्षमा केली. सर्किट गेलं की या, मी इथेच आहे.

वीजतंत्री
सॉकेट कुठल्या बाजूला आहे त्यावर. लांब बाजूच्या मध्यावर ३ मीटर मागे डबा ठेवता आला तर सर्वात दूरचा कोपरा साधारण साडेनऊ मीटर, खोलीचे २ धरा, १५ आरामात पुरते. डबा आखूड बाजूला ठेवावा लागणार असेल तर दूरचा कोपरा १३ ते १४ मीटरवर जातो, वर खोली. मग १५ तोकडी पडणार, १८ घ्या. गरजेपेक्षा फार लांब मात्र नको, जास्तीची केबल पाण्यात गुंता करते.

काठावरचा
आखूड बाजूलाच आहे. म्हणजे १८.

अनामिक_बेडूक
आणि तो तरंगता उतार?

काठावरचा
तोही घेतोय. किती नातेवाईक येणार तेवढं कळवा.